सगळी घडणावळच

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 50. आपल्या घरात येणारी वीज 50 हर्ट्झची असते ती या फेऱ्यांमुळे. माझी सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये त्या 50च्या आकड्यावर नजर ठेवण्यात सरली. नव्वदच्या दशकात उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मागणी चढली की तो आकडा 49च्याही खाली घसरायचा. मग विजेच्या लाइनच्या तालावर चालणारी भिंतीवरची घड्याळं मागे पडायची, कारण त्यांची वेळ टर्बाइनच्या फेऱ्यांवरच बांधलेली. भुसावळ आणि वरणगावच्या मध्ये, तापीच्या पाण्यावर आणि रेल्वेने येणाऱ्या कोळशावर चालणारं आमचं केंद्र एका अर्थाने स्वतःच एक मोठं घड्याळ होतं.

वेळ समोर पॅनेलवर दिसायची. दर तासाचं रीडिंग लॉगबुकात चढायचं ते त्याच वेळेनुसार. कामापुरती मनगटावरच्या घड्याळाची कुणालाच गरज नव्हती. तरीही पाळी बदलताना प्रत्येकाच्या हातात घड्याळ असायचं, आणि कुणाच्या हातात कोणतं आहे हे साऱ्या कॉलनीला ठाऊक असायचं. नव्याने लागलेल्या पोरांकडे एचएमटी, वरच्या साहेबांकडे फेवर-ल्युबा, आणि ज्याचा भाऊ आखातात त्याच्याकडे सिको फाइव्ह. माणसाचा पगार, सोयरीक आणि उमेद त्या एवढ्याशा तबकडीवर वाचता यायची. तेव्हापासून मला या गोष्टीचं कुतूहल आहे. वेळ सगळीकडे फुकट दिसत असताना माणूस घड्याळासाठी पैसे मोजतो, तर तो नेमकं काय विकत घेतो?

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये होते. त्यांच्यासाठी घड्याळ हे हत्यार होतं, पान्यासारखं. त्यांच्या काळी मुंबईत दोन नावं मोठी. फेवर-ल्युबा ही 1737 साली सुरू झालेली स्विस कंपनी 1865 मध्येच मुंबईत आली होती, आणि वेस्ट एंड हे नाव 1886 पासून हिंदुस्थानच्या बाजारासाठीच चाललेलं. परदेशी घड्याळ म्हणजे साहेबाची, नाहीतर सावकाराची वस्तू. हे बदललं 1961 मध्ये. बेंगळुरूला हिंदुस्थान मशिन टूल्सने, म्हणजेच एचएमटीने, जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळं बनवायला घेतली आणि पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. हेच नेहरू 1936च्या डिसेंबरात इथून जवळच्या फैजपूरला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले होते, खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनाला. पंचवीस वर्षांनी खेड्यातल्या माणसाच्या हातात देशी घड्याळ आलं. त्यातल्या एका मॉडेलचं नावच ‘जनता’. 17 ज्वेल, रोज सकाळी चावी द्यायची, सेकंदाला पाच ठोके.

लग्नाच्या याद्यांत तेव्हा घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही तीन नावं हमखास असत. मला सासऱ्यांनी एचएमटी कांचन दिलं, ऑटोमॅटिक, तारीख-वाराचं. ते दुकानात जाऊन मागितलं की मिळेल असं नव्हतं, ओळख लागायची. म्हणून ते हातात असणं म्हणजे सासर तालेवार असल्याचं चिन्ह. आज कुणी कांचनला लक्झरी म्हणणार नाही. पण तेव्हा दीपनगरच्या क्वार्टरमध्ये त्याचा जो रुबाब होता, तो आज मुंबईच्या बड्या माणसाच्या मनगटावरच्या रोलेक्सपेक्षा कमी नव्हता. आपल्या गावात कुणाकडे नाही, ते आपल्याकडे आहे, हा आनंद दोन्हीकडे सारखाच.

ते कांचन घालून मी टर्बाइन फ्लोअरवर जायला लागलो आणि ते दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू लागलं. जुन्या ऑपरेटरांनी कारण सांगितलं. जनरेटरच्या आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित होते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. बाजारातला घड्याळजी ते एका कॉइलमधून फिरवून चुंबकत्व उतरवून द्यायचा. नंतर आम्ही घड्याळ लॉकरमध्ये काढून ठेवूनच आत जायचो.

खूप वर्षांनी वाचनात आलं, तेव्हा मी खरोखर हरखलो. नेमक्या याच अडचणीवर स्विस कंपन्यांनी पन्नासच्या दशकात उपाय काढले होते. यंत्राभोवती मऊ लोखंडाची दुसरी डबी बसवायची, चुंबकत्व त्या डबीतून वळून जातं आणि आतलं यंत्र सुखरूप राहतं. आयडब्ल्यूसीने 1955 मध्ये ‘इंजेनिअर’ काढलं, रोलेक्सने 1956 मध्ये ‘मिलगॉस’, म्हणजे हजार गॉसच्या चुंबकीय क्षेत्रापर्यंत टिकणारं, आणि ओमेगाने 1957 मध्ये ‘रेलमास्टर’. नावांवरूनच कळतं की ही कुणासाठी होती: इंजिनिअर, प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ, रेल्वेतली माणसं. लोको शेडमधले माझे वडील आणि वीज केंद्रातला मी, आम्ही दोघे ज्या तऱ्हेची कामं करत होतो, त्या कामांसाठी ती घड्याळं घडवली गेली.

आज ज्यांना लक्झरी घड्याळं म्हणतात त्यांतली बरीच अशीच कामकऱ्यांची आहेत. रोलेक्सचं सबमरिनर 1953 मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी आलं. जीएमटी-मास्टर पॅन-ॲमच्या वैमानिकांसाठी, दोन ठिकाणच्या वेळा एकदम दिसाव्यात म्हणून. जेगर-लेकुल्त्रचं रिव्हर्सो 1931 मध्ये जन्मलं ते हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या गाऱ्हाण्यातून. काच फुटू नये म्हणून तबकडी उलटी फिरवून पाठ वर आणायची सोय त्यात होती. आणि मुळात मनगटी घड्याळ हा पुरुषांच्या लेखी बायकांचा दागिना होता. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायाला खिशातून घड्याळ काढायला सवड नव्हती, म्हणून ते मनगटावर बांधलं गेलं आणि मर्दानी ठरलं.

मग हत्याराचा दागिना कसा झाला? त्याला जपानने हातभार लावला. 25 डिसेंबर 1969 रोजी सिकोने टोकियोत ‘ॲस्ट्रॉन’ विक्रीला ठेवलं, जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. किंमत साडेचार लाख येन, जवळपास टोयोटा कोरोला गाडीइतकी. त्यातला स्फटिकाचा तुकडा विजेच्या जोरावर थरथरतो आणि ते थरथरणं मोजून काटा पुढे सरकतो. आजच्या क्वार्ट्झ घड्याळात ही थरथर सेकंदाला 32768 वेळा होते. सेकंदाला पाच किंवा आठ ठोके देणारं चावीचं घड्याळ त्याच्यापुढे अचूकतेत टिकूच शकत नव्हतं. उत्तम प्रमाणित स्विस यांत्रिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी सूट असते. साधं क्वार्ट्झ महिन्यात पंधरा सेकंदांच्या आसपास चुकतं. काही वर्षांतच क्वार्ट्झ स्वस्त झालं. स्वित्झर्लंडमध्ये 1970 मध्ये सुमारे 90 हजार माणसं या धंद्यात होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच उरली. आपल्याकडे 1987 मध्ये टायटन क्वार्ट्झ घेऊन बाजारात उतरलं, जाहिरातीत मोझार्टची धून वाजू लागली, आणि एचएमटीचे दिवस भरत आले. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्या बातमीने मला वाईट वाटलं, आजही वाटतं.

स्विस घड्याळवाले जगले ते वेळ विकणं सोडून. ते कारागिरी विकू लागले. याचं सर्वात बोलकं उदाहरण 1972चं आहे. ओदेमार पिगेने जेराल्ड जेंटा या रेखाटनकाराकडून ‘रॉयल ओक’ काढून घेतलं. पोलादी, अष्टकोनी कड्यावर आठ स्क्रू उघडे दिसणारं. किंमत 3300 फ्रँक, अनेक सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त.

जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. आमच्याकडे दागिना हातात घेतला की पहिले प्रश्न ठरलेले: किती तोळे, किती कॅरेट, घडणावळ किती, आणि मोडायला गेलं तर काय येईल. सोन्याचा भाव पक्का, घडणावळ त्यावर थोडी, आणि मोडताना तीच वाया जाते. रॉयल ओकला हाच हिशेब लावला तर पोलाद काहीशे रुपयांचं, बाकी सगळी घडणावळच. एकेका चाकाची कड हाताने घासलेली, डोळ्यांना न दिसणारा भागही चकचकीत केलेला. आणि गंमत म्हणजे इथे मोडताना घडणावळीलाच भाव येतो. म्हणून खानदेशातल्या माणसाला लक्झरी घड्याळ समजावून सांगायचं तर मी एवढंच म्हणतो: धातू विसरा, तुम्ही घडणावळ विकत घेता आहात, आणि तिच्याबरोबर नाव.

नावाचा भाग तरुणांना आधी दिसतो. माझा पुतण्या पुण्यात आयटी कंपनीत आहे, अठ्ठावीस वर्षांचा. त्याला सबमरिनर हवं आहे. त्याचे जळगावातले मित्र लग्नसमारंभांत फर्स्ट कॉपी घालतात, फोटोत फरक कळत नाही. लोक त्यांना नावं ठेवतात, मी ठेवत नाही. वयाच्या त्या टप्प्यावर माणसाला जगाने आपल्याकडे बघावं असं वाटतं, आणि घड्याळ हे तोंड न उघडता स्वतःबद्दल सांगण्याचं साधन आहे. कॉपीला माझा विरोध आहे तो वेगळ्या कारणासाठी: तिच्यात घडणावळ नाही. चोरलेला चेहरा आहे आणि आत कुणाच्याही हाताची मेहनत नाही.

पुतण्या हिशेबही मांडतो. “काका, ही गुंतवणूक आहे, किंमत वाढतच जाते.” मी त्याला 2022 दाखवतो. टाळेबंदीच्या काळात जुन्या रोलेक्स आणि पाटेक फिलिपचे भाव आकाशाला भिडले होते, त्या वर्षाच्या सुरुवातीला शिखर गाठलं आणि मग घसरले. ज्यांनी शिखरावर घेतलं त्यांचं नुकसान झालं. गुंतवणूकच करायची तर जळगावात सोनं आहेच.

चाळिशीत माणूस वेगळ्या कारणाने घड्याळ घेतो. बढती मिळाली, घर झालं, मुलगी इंजिनिअर झाली, त्याची खूण म्हणून. इतरांना कळलं नाही तरी चालतं. कॉलनीत माझ्या बरोबरीच्या कित्येकांनी याच वयात टायटनची सोनेरी पट्ट्याची घड्याळं घेतली. यावल-रावेरकडचे केळी बागायतदारही चांगला हंगाम गेला की अशी घड्याळं घेत. ती बक्षिसं होती, स्वतःच स्वतःला दिलेली.

आणि साठीनंतर घड्याळ कुणी दिलं, कुणी घातलं, याला मोल येतं. सगळं सोडून दिलेल्या गांधीजींनीही घड्याळ सोडलं नव्हतं. त्यांचं झेनिथचं खिशातलं घड्याळ 1947 मध्ये कानपूर स्टेशनवर चोरीला गेलं, आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन, माफी मागून परत केलं. 2009 मध्ये त्यांचा चष्मा, चपला, ताट-वाटी यांच्यासोबत त्याचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला तेव्हा 18 लाख डॉलर आले. नट पॉल न्यूमनला त्याच्या बायकोने गाडी सांभाळून चालव असं मागे कोरून रोलेक्स डेटोना दिलं होतं. 1984 मध्ये मुलीच्या तरुण मित्राकडे घड्याळ नाही हे कळल्यावर न्यूमनने ते सहज काढून त्याला देऊन टाकलं. 2017 मध्ये त्याच घड्याळाला पावणेदोन कोटी डॉलरच्या वर किंमत आली. यंत्र कारखान्यातल्या इतर डेटोनांसारखंच. किंमत वाढवली ती बायकोच्या काळजीने आणि नवऱ्याच्या मनगटाने.

तरुणांना मला एक व्यावहारिक गोष्ट सांगावीशी वाटते. यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावं लागतं. भुसावळच्या बाजारात हे काम जाणणारे हात आता फार थोडे उरलेत, त्यांची मुलं मोबाइलच्या दुरुस्तीत गेली. महागडं घड्याळ मुंबई-पुण्याला धाडावं लागतं आणि त्या दुरुस्तीच्या पैशात चांगलं नवं टायटन येतं. 2024च्या मार्चमध्ये भारताने स्वित्झर्लंड आणि त्याच्या सहकारी देशांशी करार केला, त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं. घड्याळं आणखी येतील. ती उघडू शकणारी माणसं तयार करायला हवीत, आयटीआयमध्ये शिकवायला हवं, आणि त्यांना त्यांच्या हातांचा दाम द्यायला हवा.

पुतण्याने मागच्या वेळी विचारलं, “काका, तुम्ही माझ्या जागी असता तर कोणतं घेतलं असतं?” मी म्हणालो, रेलमास्टर. साधी तबकडी, तारीखसुद्धा नाही, आणि तुझ्या आजोबांच्या कामाचं नाव त्यावर. तो थोडा वेळ फोनवर फोटो बघत राहिला. “पण काका, हे आमच्या ऑफिसात कुणी ओळखणार नाही.” त्याचं म्हणणं त्याच्या वयाला धरून होतं, म्हणून मी ते खोडून काढलं नाही. दिवाळीपर्यंत पैसे जमतील म्हणतो. दुकानात गेल्यावर आधी पाठीमागे काच असलेलं एखादं उलटं करून दाखवायला सांग, आतली चाकं बघ आणि मग नाव वाच, एवढं मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.