पाचट पेटवू नका, टाकीत भरा!



तोडणी संपली की रात्री शिवारात जाळ दिसू लागतात. वाढे जनावरांना गेले, फड मोकळा झाला, आता खोडवा फुटावा म्हणून पाचटाला काडी लावली जाते. गटांतून फिरताना आम्ही हटकले की उत्तर ठरलेले, "साहेब, पाचट काही कुजत नाही. तुम्ही एकदा कुजवून दाखवा!"

आम्ही ते मनावर घेतले आणि पहिल्या वर्षी सपशेल फसलो. घरामागे खड्डा घेतला, पाचट दाबून भरले, वर माती लोटली. सहा महिन्यांनी उकरले तर पाचट जसेच्या तसे! चूक आमचीच होती. पाचटात सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के, पण नत्र अवघे अर्धा टक्का. कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्र, ओल आणि हवा तिन्ही लागतात. आम्ही तिन्हींत कसर केली होती.

दुसऱ्या वर्षी पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची रीत धरली. त्यांच्याच नावावरून तिला 'नाडेप' म्हणतात. गोठ्याजवळ १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशी विटांची टाकी बांधावी. तळ विटांचा करावा. तिसऱ्या, सहाव्या व नवव्या थरात मधूनमधून एकेक वीट सोडून झरोके ठेवावेत. हवा तेथूनच खेळते.

टाकी आतून शेणकाल्याने शिंपून घ्यावी. मग ६ इंच पाचट व काडीकचरा (सुमारे १०० किलो) पसरावा. त्यावर ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून शिंपडावे. त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली माती टाकावी. पाचटाचे तुकडे केलेले बरे. भाजीची देठे, राख, खरकटे, गोठ्यातला गाळा, सारे चालते. काच आणि प्लॅस्टिक तेवढे वेचून काढा. असे ११-१२ थर देऊन काठाच्या वर दीड फूट शीग लावावी आणि शेणमातीने लिंपावी. पंधरा-वीस दिवसांत थर आठ-नऊ इंच खाली बसतो. पुन्हा भरून लिंपावे. भेगा पडल्या की बुजवाव्यात, कारण ओल तिथूनच उडते.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, हे आम्ही जाणतो. पण भरतेवेळी दीड-दोन हजार लिटर पाणी एकदाच लागते. पुढच्या शिंपणाला भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वापरता येते. साबणाचे मात्र नको.

खत ९० ते १२० दिवसांत तयार होते. पैठणच्या नाथषष्ठीला टाकी भरा, आषाढीला खत हाती येईल. भुरकट काळे, मोकळे आणि मातीचा वास येणारे खत म्हणजे काम झाले. साधारण ३ टन खत निघते. आमच्या घरची वांगी, दोडका आणि पपई यांवर ते पडले, तेव्हा घरच्या मंडळींनी खड्ड्याची थट्टा थांबविली.

आता हिशोबाचे बोलू. एकरभर उसाला आठ-दहा टन शेणखत लागते. एका टाकीत ते भागायचे नाही. टाकीचे खत परसबाग आणि ऊस रोपवाटिकेला पुरेल. एकराचे काम फडातल्या पाचटानेच करायचे. ते खोडव्याच्या सरीत दाबा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका, म्हणजे पाणी देताच कुजू लागते. टाकी एवढ्यासाठीच, की पाचट कुजते हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहावे. एकदा पाहिले की काडी लावायला हात धजत नाही.

यंदा टाकी बांधायची असेल तर आपल्या गटाच्या ॲग्री ओव्हरसियरला सांगा. पहिला थर भरायला आम्ही स्वतः येऊ. मात्र फडाला काडी लावण्याआधी सांगा!