नेटवर्क-सेवांचा प्रारंभक्रम

समजा, मावळातील शिरगावात एखाद्या अभ्यासकेंद्रात युनिक्स पद्धतीचा एक सर्व्हर आहे. विद्यार्थी त्यावर स्वाध्याय सादर करतात. फायली मात्र दुसऱ्या संगणकावरील सामायिक फोल्डरमध्ये साठतात. पावसाळ्यात रात्री वीज जाते, पहाटे परत येते आणि सर्व्हर आपोआप सुरू होतो. स्वाध्याय स्वीकारणारी सेवा कामाला लागते. परंतु नेटवर्क अद्याप जुळलेले नसल्यामुळे सामायिक फोल्डर जोडला गेलेला नसतो. अशा वेळी सेवा बंद पडली तर बरेच म्हणायचे. ती बंद न पडता जोडणीच्या जागी असलेल्या स्थानिक, रिकाम्या फोल्डरमध्ये फायली लिहू लागली, तर पुढे सामायिक फोल्डर जोडला जाताच त्या फायली त्याखाली झाकल्या जातात. डिस्कवर त्या असतात, पण कोणाला दिसत नाहीत. आणि विद्यार्थ्याने वेळेत दिलेला स्वाध्याय 'अप्राप्त' ठरतो.

हे टाळण्यासाठी सेवांचा क्रम ठरवावा लागतो. सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये तो क्रमांकांनी ठरे. सुरू करावयाच्या प्रत्येक सेवेच्या दुव्याचे नाव 'एस' हे अक्षर व दोन अंक यांनी सुरू होई. १० आधी, २५ नंतर. ही रचना समजण्यास सोपी, पण क्रमांक कारण सांगत नाही. दहा वर्षांनी आलेल्या व्यवस्थापकाला २५ हा आकडा का निवडला, हे कळावे कसे? २००० साली आलेल्या नेटबीएसडी १.५ मध्ये यावर चांगला तोडगा निघाला. प्रत्येक सेवेने आपण काय पुरवतो आणि आपल्याला काय लागते एवढेच लिहावयाचे. क्रम 'आरसीऑर्डर' हा प्रोग्राम काढतो.

लिनक्समध्ये २०१० पासून 'सिस्टिमडी' आली. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली ज्या डेबियनवर आधारलेली आहे, तिनेही २०१५ मध्ये आठव्या आवृत्तीत ती स्वीकारली. येथे एक भेद नीट ध्यानात घ्या. 'रिक्वायर्स' म्हणजे गरज आणि 'आफ्टर' म्हणजे क्रम. केवळ गरज नोंदवली, तर दोन्ही सेवा एकाच वेळी सुरू होऊ शकतात. केवळ क्रम नोंदवला, तर आधीची सेवा अपयशी ठरली तरी नंतरची सुरू होते. बहुतेक घोटाळे येथेच होतात.

दुसरा भेद 'नेटवर्क' आणि 'नेटवर्क-ऑनलाइन' या दोन टप्प्यांमधला. पहिल्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली, इतकाच. पत्ता मिळाला असे नव्हे. त्याचा खरा उपयोग संगणक बंद होताना होतो, कारण तेव्हा क्रम उलटतो आणि सेवा नेटवर्कच्या आधी थांबतात. जोडणी प्रत्यक्ष तयार होईपर्यंत थांबायचे असेल, तर दुसरा टप्पा हवा. मात्र तो सरसकट सर्व सेवांना लावू नये. केबल निघालेली असली की सर्व्हर उगाचच ताटकळत राहतो.

शिरगावच्या उदाहरणात सामायिक फोल्डरची जोडणी 'नेटवर्क-ऑनलाइन' नंतर ठेवावी आणि स्वाध्याय-सेवेच्या नोंदीत 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' लिहून त्या फोल्डरचा मार्ग द्यावा. त्यामुळे गरज आणि क्रम दोन्ही एकदम नोंदले जातात. फोल्डर जोडला गेला नाही, तर सेवा सुरूच होत नाही, आणि विद्यार्थ्याला स्वाध्याय पोहोचला नसल्याचे त्याच क्षणी कळते.