कैकाडी बोली व पारंपरिक जीवनपद्धती : एक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रातील विमुक्त जमातींमध्ये कैकाडी जमातीचा समावेश होतो. चहूबाजूंनी मराठी बोलली जात असतानाही या जमातीची बोली द्राविडी कुळातील आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (1906) तिची नोंद तमिळच्या बोलींमध्ये आढळते.

निरगुडीचे फोक व तुरीच्या काड्या यांपासून कणग्या, पाट्या, डालगी विणणे आणि गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणे, हे या जमातीचे परंपरागत जीवन होय. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (1980) या आत्मकथनात त्याचे प्रत्ययकारी दर्शन घडते.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकंती हाच संशयाचा विषय ठरविला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसविलेल्या वसाहतीत विविध जमातींना हजेरीच्या बंधनात ठेवण्यात आले. तेथील अनेकजण कापड गिरण्यांत कामगार झाले. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला, तथापि त्या परिसराचे 'सेटलमेंट' हे नाव टिकून राहिले.

व्यवसाय लोपला की त्याची शब्दसंपदाही लोपते. फोक सोलणे, ताणा धरणे, काठ वळविणे या क्रियांचे शब्द विणणाऱ्या हातांबरोबरच जगतात. शिवाय 1971 पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची स्वतंत्र आकडेवारी दिली जात नाही. अशा बोलींचे अस्तित्व कागदावरूनही पुसले जाते. म्हणून वृद्ध कारागिरांकडील शब्दांचे ध्वनिमुद्रण व संकलन महाविद्यालयीन भाषा विभागांनी विनाविलंब हाती घेणे अगत्याचे आहे.