पायवाट बाजारापर्यंत पोचते का?

डिसेंबरात आम्ही सातजण कुळगीला गेलो होतो. काळी व्याघ्र प्रकल्पातलं हे छोटं गाव वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे ओळखलं जातं. आम्ही जवळच एका ठिकाणी उतरलो (नाव नको). पहाटे गाईडबरोबर जंगलातली पायवाट, धनेश पक्षी, मग परतून नाश्ता. निघताना हिशेब केला. राहणं, जेवण, गाईड, सगळं एकाच पावतीवर. गावात खर्च झाला तो फक्त चहाचा. उरलेला सुमारे १२ किलोमीटरवरच्या दांडेलीच्या बाजारात: केळी, फरसाण, टॉर्चचे सेल आणि एकीच्या तुटलेल्या चपलेची शिलाई.

हसू आलं, पण मुद्दा त्या चपलेतच आहे. गाडीवाला घरून डबा आणतो आणि संध्याकाळी परत जातो. चालणाऱ्याला ओझं नको असतं, भूक लागते, काहीतरी तुटतं. त्याचे पैसे छोट्या दुकानात जातात. दांडेली वाढली पेपर मिलच्या पगारावर. पर्यटकाचा पैसा त्या बाजाराला दुसरा आधार ठरू शकतो. मात्र पॅकेजमध्ये सगळंच आलं, की माणूस फाटकाबाहेर पडतच नाही.

राजमाचीच्या पायथ्याशी उधेवाडीत उलटं आहे. तिथे ट्रेकर गावातल्या घरातच जेवतो, तिथेच झोपतो. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावर तर गंमतच. प्रमाणपत्र हवं तर पायी निदान शेवटचे १०० किलोमीटर चालायचं आणि वाटेत शिक्के गोळा करायचे. शिक्का चर्चमध्ये मिळतो, तसा खानावळीतही मिळतो. शिक्क्यासाठी आत गेलेला यात्रेकरू कॉफी पितोच!

कुळगीत गर्दी वाढवणं हा उपाय नाही. वाघाचं जंगल आहे, माणसं मोजकीच हवीत. म्हणूनच आलेला प्रत्येकजण गावात थोडा थांबायला हवा. एक वेळचं जेवण पॅकेजमधून काढून गावातल्या घराकडे दिलं, तरी पुष्कळ. जोयड्याचे कुणबी शेतकरी कितीतरी जातींची कंदमुळं पिकवतात, तालुक्यात त्यांचा मेळावाही भरतो.

आम्हाला मात्र दोन्ही दिवस बटाट्याचीच भाजी होती.