अमानत आणि अंगण

गेल्या पावसाळ्यात घरातली जुनी लोखंडी पेटी उघडली. तळाशी दादीचे पानदान होते आणि दादाजींची उर्दू वही. पानदानावर हिरवट थर चढला होता, वहीला कसर लागली होती. चूक माझीच. कुलूप आहे म्हणजे वस्तू सुरक्षित आहे, असे मी दहा वर्षे समजत होतो.

आपल्या ढाणकीत अशा पेट्या अनेक घरांत असतील. या वस्तूंची किंमत पुण्याच्या दिनकर केळकरांनी ओळखली होती. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, पानदाने अशा रोजच्या वापरातल्या कलावस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच वारलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पण जागेअभावी मांडलेल्या सुमारे अडीच हजारच. बाकीच्या कोठारात.

जगभर हीच अडचण आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरायचे. म्हणून त्यांनी शेजारी नवे कोठारच बांधले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते लोकांसाठी खुले केले. तिथे दीड लाखाहून अधिक वस्तू आहेत. त्या काळानुसार नव्हे, तर ज्या वस्तूला जशी हवा मानवते त्यानुसार ठेवल्या आहेत. छतावर सर्वांसाठी झाडांची गच्ची आहे. लंडनमध्येही २०२५ साली असेच कोठार सुरू झाले. तिथे आधी मागणी नोंदवली की हवी ती वस्तू समोर आणून दाखवतात.

आपल्या गावाला एवढा डोलारा नको. आपल्या जुन्या घरांचा नमुनाच पुरे: मध्ये मोकळे अंगण, चारही बाजूंनी ओसरी आणि तिच्यामागे जाड भिंतींच्या खोल्या. ओसरीमुळे ऊन-पाऊस थेट भिंतीला लागत नाही. जोते उंच हवे आणि काळ्या मातीत पाया विचारपूर्वक घ्यायला हवा, नाहीतर भिंतींना तडे जातात. कागद व कापड एका खोलीत. धातू दुसऱ्या, अधिक कोरड्या खोलीत. अंगण मात्र सर्वांचे. तिथे मुलांनी बसावे, वडीलधाऱ्यांनी वस्तूंच्या हकिकती सांगाव्यात. माणसांची ये-जा असली की गळती आणि वाळवीही वेळीच दिसते.

तोवर घरात एवढे तरी करू या. पेटी जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी. पावसाळ्यापूर्वी व नंतर ती उघडून वस्तू सावलीत वाऱ्यावर ठेवाव्यात. वही कडक उन्हात वाळवू नये. नक्षीचे पितळ चिंचेने घासू नये. चकाकी येते, पण नक्षी झिजते.

वस्तू ही मागच्यांनी पुढच्यांसाठी ठेवलेली अमानत आहे. त्या दिवशी वही ओसरीत उघडून ठेवली, तेव्हा माझ्या मुलाने विचारले, "अब्बू, हे कुणाचे अक्षर?" पणजोबांचे अक्षर तो पहिल्यांदाच पाहत होता.