आडवं आल्याशिवाय वारा गात नाही

पनवेलहून जुन्या रस्त्याने खोपोलीकडे निघालं, की विजेचे मनोरे सोबतीला येतात. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला जाऊ लागली. घाटाखालच्या या टापूला तारांची ओळख तेव्हापासूनची. पावसाळी दमट हवेत मनोऱ्याखाली चरचर ऐकू येते, ती विजेची. दुपारनंतर खारे वारे सुटले की तारेतून उमटू शकते ती गुणगुण मात्र वाऱ्याची.

पुलाच्या खांबामागे पाण्यात भोवरे पडतात, तसेच तारेमागे हवेत पडतात. एकदा वरून, एकदा खालून. त्या आळीपाळीतून सूर निघतो. चेक शास्त्रज्ञ स्ट्रॉहाल यांनी १८७८ मध्ये त्याचं गणित मांडलं. ढोबळमानाने, वाऱ्याच्या वेगाला तारेच्या जाडीने भागायचं आणि उत्तराचा पाचवा हिस्सा घ्यायचा. सेकंदाला पाच मीटर वारा, पाच मिलिमीटर तार : सेकंदाला दोनशे कंपनं. तार तीन सेंटिमीटर जाड असेल तर जेमतेम तेहेतीस. तंबोऱ्यावर खर्जाची तार जाड असते. वाराही तोच नियम पाळतो. वादळ मात्र इथे कामाचं नाही. वाहणं मंद आणि एकसारखं हवं.

याच गुणधर्मावर वायुवीणा उभी राहिली. किर्शर या जर्मन जेसुइट पंडिताने तिचं वर्णन १६५० मध्ये छापलं. लाकडी पेटी, वर एकाच सुरात लावलेल्या तारा, आणि ठेवायची खिडकीच्या फटीत. वारा कमीजास्त होतो तसे त्याच तारांतून निरनिराळे स्वरांश उमटतात. वाजवणारा कुणी नाही.

आपल्याकडे हे कान फार जुने. वाऱ्याने वाजणाऱ्या बांबूला अमरकोशात ‘कीचक’ असं वेगळं नावच आहे. कालिदासाने ‘रघुवंश’, ‘कुमारसंभव’ आणि ‘मेघदूत’ या तिन्ही काव्यांत तो वाजवला. भुंगा वाळका बांबू पोखरतो, भोकावरून वारा जातो, पोकळी घुमते. इंग्लंडात बर्नलीजवळच्या माळावर २००६ मध्ये पोलादी नळ्यांचं तीन मीटर उंच गाणारं झाड उभारलं, तत्त्व कीचकाचंच. आणि ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून शेतकरी जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधतो, तीही वाऱ्यावर भणभणते. एकेकाळी गाणी साठवलेली फीत आता पाखरांना धाक घालते.

विजेच्या इंजिनिअरला मात्र हे गाणं नको असतं. सतत थरथरून तार पकडीपाशी झिजते, तिचे पदर तुटतात. म्हणून मनोऱ्याजवळ तारेला डंबेल्ससारखी छोटी वजनं टांगतात. १९२० च्या दशकात स्टॉकब्रिज नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने काढलेली ही युक्ती. तारेची थरथर ती वजनं स्वतःवर घेतात आणि जिरवतात.

खोपोलीच्या वाटेवर ती दिसतील. वारा तसाच येतो, तारही आडवी असते. गाणं त्या दोन गोळ्यांत मुरतं.