रंगाची फुंकर

दोस्तांनो, परभणी जिल्ह्यातला देवगाव फाटा तुमच्यापैकी काहींच्या रोजच्या वाटेवरचा असेल. बाकीच्यांनी आपापल्या गावाजवळचा कुठलाही फाटा डोळ्यांपुढे आणा. एसटीची वाट बघणारी माणसं, चहाची टपरी, पंक्चरवाला आणि जरा पुढे गाड्या रंगवणारं एखादं गॅरेज. तिथला कारागीर ट्रकच्या पत्र्याला रंग कसा मारतो, पाहिलंय कधी? हातात ब्रश नसतो. असते ती स्प्रे गन. मागे कॉम्प्रेसर धडधडत असतो, पुढे फुस्स आवाज होतो आणि पत्र्यावर रंगाचं धुकं बसतं.

आता सांगू का गंमत? या स्प्रे गनची एक धाकटी बहीण आहे. ती इतकी चिमुकली की पेनासारखी बोटांत धरायची. तिचं नाव एअरब्रश. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत फॅशनचे फोटो काढताना रंगभूषाकार तिनं माणसाचा चेहरा रंगवतात! निळं कपाळ, तांब्याच्या रंगाचे गाल, डोळ्यांभोवती माशाचे खवले... मासिकांत असे फोटो पाहून तुम्ही म्हटलं असेल, हे कॉम्प्युटरवर केलेलं दिसतंय. कधी कधी ते तसं असतंही. पण पुष्कळदा तो रंग खरोखर कातडीवर फुंकलेला असतो.

फुंकलेला, हाच शब्द बरोबर. पेल्यात रंगीत पाणी घ्या आणि त्यात एक नळी उभी धरा. दुसऱ्या नळीनं तिच्या वरच्या तोंडाजवळून आडवी, जोरदार फुंकर मारा. वेगानं जाणाऱ्या हवेमुळे तिथला दाब कमी होतो, पाणी नळीतून वर चढतं आणि त्याचे तुषार उडतात. (हा प्रयोग अंगणात करा. आईची नवी चादर जवळपास नको!) एअरब्रशमध्ये हेच घडतं, फक्त फार शिस्तीत. टोकाचं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं किंवा त्याहून बारीक. आत एक सुई. वरचं बटण दाबलं की हवा सुटते, तेच मागे ओढलं की सुई सरकते आणि रंग येतो. किती ओढायचं, हे बोटाला शिकवावं लागतं. मोटारसायकलच्या चाकात आपण पंचवीस-तीस पौंड हवा भरतो ना? चेहऱ्याला पाच ते दहा पौंड पुष्कळ झाली.

तोंडानं रंग फुंकण्याची युक्ती मात्र काही आजची नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहांत भिंतीवर हात ठेवून भोवती रंग फुंकलेला आहे. हात काढला की त्याची आकृती मागे उरते. त्यातली एक आकृती निदान ३९ हजार वर्षांपूर्वीची आहे. यंत्र आलं फार उशिरा. अमेरिकेत ॲब्नर पीलर नावाच्या गृहस्थानं १८७९ च्या सुमारास हवेनं रंग उडवणारं एक साधन बनवलं, आणि १८९३ मध्ये चार्ल्स बर्डिकनं आजच्यासारखा एअरब्रश तयार केला. सुरुवातीला त्याचं मोठं काम काय होतं, ठाऊक आहे? छापलेल्या फोटोतल्या चेहऱ्यांचे डाग झाकणं! म्हणजे आधी तो फोटोवर चालला आणि मग खुद्द चेहऱ्यावर आला.

आपल्याकडे या फुंकरीचे उस्ताद होते चित्रकार रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६). मूळचे गोव्यातल्या अस्नोड्याचे. आजीच्या घरी जुनं कॅलेंडर किंवा देवादिकांची तसबीर असेल तर त्यांची सही शोधा. त्या लक्ष्मीच्या गालावर गुलाबी रंग कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. एअरब्रशची खरी करामत तीच. ब्रश रंग पसरवतो, कापसाचा बोळा तो थापतो, पण एअरब्रश नुसते ठिपके टाकतो. मध्ये मध्ये खालची कातडी दिसत राहते, आणि आपले डोळे ते सगळं एकत्र करून टाकतात. पटत नसेल तर वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरा.

या ठिपक्यांची गरज कॅमेऱ्यामुळे वाढली. जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ आडव्या रेघांचं. त्यात जाड थर खपून जायचा. एचडी आलं आणि ठळक दिसणाऱ्या रेघा झाल्या १०८०. शिवाय फॅशनचा फोटो मोठा करून छापतात. त्यात नाकाच्या कडेला साचलेली पावडर भुईमुगाच्या टरफलाएवढी दिसते म्हणा ना!

बरं, भडक आणि धीट चेहरा करतात कसा? समजा, विषय दिला ‘वळीव’. उन्हानं तापलेलं काळं रान आणि त्यावर चाल करून आलेला ढग. रंगभूषाकार आधी कागदावर चेहऱ्याची आकृती काढून त्यात रंग भरून बघतो. चेहरा धुऊन, पुसून झाला की अगदी विरळ पाया फुंकायचा. त्याला काही थेंबच पुरतात. मग फिकटाकडून गडदाकडे जायचं, कारण गडद रंग चढवता येतो, उतरवता येत नाही. गालाच्या हाडावर तांबूस, कानशिलावर जांभळा, कपाळावर शाईसारखा निळा. हात सतत हलता ठेवायचा. एका जागी थांबलात की रंग ओघळलाच! जवळून फुंकलं की रेघ बारीक येते, वीतभर लांबून फुंकलं की रंग धुरकट पसरतो.

आता वीज हवी. तिच्यासाठी कागद फाडायचा, कातरीनं कापायचा नाही. फाटकी, वेडीवाकडी कड गालाला टेकवून त्यावर पांढरा फुंकायचा. कागद उचलला की एका बाजूला लख्ख कड आणि दुसऱ्या बाजूला रंग ढगात विरलेला. खवले हवेत? जाळीदार कापड ताणून धरा. नक्षी हवी? लेसचा तुकडा, नाहीतर झाडाचं पान. ट्रकवर अक्षरं उठवायला पत्र्याचे नाहीतर कागदाचे छाप वापरतात, त्यातलाच हा प्रकार. एवढ्या वेळात डोळ्यांजवळ काम असेल तेव्हा बसणाऱ्यानं डोळे मिटायचे आणि फुंकर चालू असेतो श्वास रोखायचा. तासन्‌तास पुतळा होऊन बसणं हेही एक कामच आहे हो!

शेवटी दिवे. पिवळ्या प्रकाशात निळा रंग मळकट दिसू शकतो. म्हणून मध्येच एक फोटो काढून बघतात आणि पुन्हा रंग सुधारतात. दिवा कुठं ठेवला म्हणजे गाल उजळतो नि डोळे बोलतात, हे बघायचं तर छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांनी काढलेले नटनट्यांचे फोटो मिळवून पाहा. आणि रंगभूषेत करिअर होतं का, असं विचारणाऱ्या आईबाबांनी विक्रम गायकवाड हे नाव लक्षात ठेवावं. ‘बालगंधर्व’ (२०११) चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये ते गेले.

आता एक गोष्ट नीट ऐका, आईबाबांनीही. गॅरेजमधला रंग, हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रेचा डबा आणि चित्रकलेचे ॲक्रिलिक रंग यांतलं काहीही चेहऱ्यावर उडवायचं नाही. गॅरेजच्या रंगात थिनर असतं. ते कातडी पोळतं, डोळ्यांत जातं, आणि तुषार तर थेट छातीत उतरतात. स्नेहसंमेलनात गांधीजींचा पुतळा करायचा म्हणून लोखंडी दाराचा चंदेरी रंग अंगाला फासणं, हे शौर्य नव्हे. आपल्या जुन्या नाटक-तमाशातले कलावंत चेहऱ्याला मुर्दाडशिंग लावत. त्यानं चेहरा दिव्याच्या उजेडात खुलायचा, पण मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड, चक्क विष! त्या बिचाऱ्यांपुढे दुसरा पर्याय फारसा नव्हता. तुमच्यापुढे आहे. चेहऱ्यासाठीच बनवलेला रंग घ्या, बाटलीवर परवाना क्रमांक आणि वापरायची मुदत वाचा, कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. खाज सुटली, लाल झालं, तर तो रंग परत कपाटात नाही, कचऱ्यात.

आणि हो, गोरं करायला एअरब्रश नको. संमेलनात रांगेनं सगळ्या पोरांच्या तोंडाला एकच पांढरी-गुलाबी पावडर फासतात, मान मात्र आपल्या रंगाची राहते, हे काही देखणं दिसत नाही. काळ्यासावळ्या कातडीवर तांबूस, सोनेरी, गर्द निळा हे रंग काय खुलतात! वळवाचा ढग गोऱ्या रानावर कशाला शोधायचा?

एअरब्रश आणि कॉम्प्रेसर महाग पडतो. तोपर्यंत घरच्या घरी हे करा: जाड पुठ्ठ्याचा मुखवटा कापा, त्यावर फाटका कागद किंवा कडुनिंबाची डहाळी ठेवा. जुन्या टूथब्रशला रंग लावून तो चहाच्या गाळणीवर घासा आणि खाली तुषार पडू द्या. आधी पिवळा, वाळला की तांबडा, मग निळा. पान न हलवता. गाळणी मात्र आईला विचारून, टाकाऊ झालेलीच घ्या. पुन्हा तिच्यातून चहा गाळायचा नाही!